मावशीच्या दिराचा सिनेमा

आमच्या किनाऱ्यावरच्या तमाम निरुपयोगी माणसांची रांग लावायची ठरवली तर ती देवगडापासून रेडीपर्यंत सहज जाईल; पण माझ्या मावशीचा धाकटा दीर त्या रांगेतही सापडणार नाही, कारण तो उशिरा येईल, आणि आल्यावर रांग ही माणसावर लादलेली गुलामी कशी आहे हे सांगून सगळ्यांना खाली बसायला लावील. हे मी रागाने म्हणत नाही. रागाचं कारण पुढे येणार आहे. आधी माणूस कसा होता ते सांगते, म्हणजे मी चार वर्षं त्याच्याशी गोड बोलले नाही यात माझा दोष किती आणि त्याचा किती हे वाचणाऱ्याला ठरवता येईल.

वय पंचेचाळिशीच्या पुढे. डोक्याच्या दोन्ही बाजू तासलेल्या आणि मधोमध केसांचा वीतभर उंच तुरा, म्हणून सगळा गाव त्याला कोंबो, म्हणजे कोंबडा, म्हणायचा. हा तुरा उभा राहावा यासाठी तो रोज सकाळी मावशीच्या चुलीवरची उकड्या तांदळाची दाट पेज डोक्याला चोळायचा. आमच्याकडे माणसं पेज पिऊन कामाला जातात. हा पेज डोक्याला लावून घरी बसायचा. एकदा वाडीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला हा नदीवर गेला. पिंड ठेवले, सगळे लांब सरले, कावळ्यांनी पिंडांकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, आणि थेट याच्या तुऱ्यावर उतरले. पिंडाला चोच नाही ती नाहीच. भटजी हबकले. मेलेल्या माणसाची इच्छा या कोंब्यात अडकली म्हणून कुजबूज झाली, आणि शेवटी त्या म्हाताऱ्याची बिचारी बायको पुढे होऊन म्हणाली, "मेल्या, तेंका तुझा गाणा आयकूचा होता की काय रे?" यावर माणसाने लाजावं की नाही? हा पुढे कित्येक महिने सांगत होता की आपल्या संगीताला मरणोत्तर मागणी आहे.

कारण तो पंक होता, म्हणजे आरडाओरडा करत गाणाऱ्या विलायती बंडखोरांच्या पंथातला. गोव्यात एका किनाऱ्यावरच्या हॉटेलात त्याने बारा वर्षं मासे तळले, आणि तिथे कुठल्याशा गोऱ्याने त्याला ही दीक्षा दिली. परत आला तो काळं चामड्याचं जाकीट घालूनच. मे महिन्यात, मालवणच्या मच्छीबाजारात, जिथे बर्फसुद्धा घाम गाळतो तिथे, हा गळ्यापर्यंत चेन ओढून फिरायचा आणि कोळणी ओरडायच्या, "कोंब्या, आतसून शिजलस काय रे? हळद-मीठ लावू?" जाकिटाला जागोजाग सेफ्टीपिना टोचलेल्या, त्यापायी मावशीच्या घरात साडीला लावायला पिन उरली नव्हती. गिटारीला तारा तीनच, त्यातली एक गळाच्या तंगुसाची, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोरीची. मी एकदा विचारलं, "काका, पंक म्हणजे नेमका काय?" तर तुरा सावरत म्हणाला, "जा येना नाय ताच करूचा गो बाय. आणि वर माफी मागूची नाय." आतून मावशीचा, नवऱ्याला ऐकू जाईल असा, आवाज आला, "मगे माझो घोव लय मोठो पंक. तेका कायच येना नाय."

त्याचं मुख्य तत्त्व म्हणजे परवानगी मागायची नाही. कोणाचीच. कशासाठीच. हे तत्त्व त्याने इतकं ताणलं होतं की तो एस.टी.लासुद्धा हात दाखवायचा नाही. "हात दाखवणा म्हणजे विनवणी," म्हणायचा. "थांबाचा आसात तर ती थांबतली." साहजिकच ती थांबायची नाही. हा रस्त्याच्या कडेला जाकीट घालून ताठ उभा, गाडी धुरळा उडवत निघून जायची, आणि हा सात-आठ मैल चालत मालवण गाठायचा. संध्याकाळी पाय सुजले की मावशीकडे खोबरेल मागायचा, तेव्हा मावशी म्हणायची, "भावजीनू, तुमचा तत्त्व रस्त्यार चलता आणि पाय माझ्या तेलार." तरी हा माणूस जेवताना तळलेल्या सरंग्याची दुसरी तुकडी मात्र मागून घ्यायचा. तेव्हा परवानगी, विनवणी, गुलामी काही आठवायचं नाही. मी बोलून दाखवलं तर म्हणाला, "सरंगो सरकार न्हय."

असो. असली माणसं गावात असतात आणि त्यांचं कोणी काही बिघडवत नाही. पण मग आमच्या खळ्याचं प्रकरण उभं राहिलं.

आमच्या गावच्या सुरूबनापलीकडे पुळणीचा, म्हणजे वाळूचा, एक लांब पट्टा आहे. तिथे आमच्या बायका आज्या-पणज्यांपासून मासळी सुकवत आल्या. आम्ही त्याला खळं म्हणतो. सरकारी कागदात त्याचं नाव 'पडीक'. त्या एका शब्दावर बोट ठेवून एका हॉटेलवाल्या कंपनीने ती जागा मागितली आणि तालुक्याच्या कचेरीत सुनावणी लागली. जागा वापरात आहे आणि आमची संमती नाही, एवढ्या दोन गोष्टी आम्हाला सिद्ध करायच्या होत्या. नाही झाल्या तर खळ्यावरची म्होरकी आवडाकाकी आणि तिच्याबरोबरच्या साठ बायकांनी सुके बांगडे काय छपरावर वाळत घालायचे? मी पत्रकं लिहिली. सात. घरोघर वाटली, एस.टी.त चिकटवली, बाजारात माणसांच्या हातात कोंबली. आणि सुनावणीत दाखवायला खळ्याची एक सरळसाधी फिल्म हवी म्हणून, गावात कॅमेरा याच्याकडेच असल्यामुळे, नाइलाजाने याच्याकडे गेले. कुडाळच्या एका लग्नं काढून कंटाळलेल्या फोटोग्राफरचा तो जुना कॅमेरा होता. मी काय काय टिपायचं याची दीड पानी यादी दिली: बायका येतात, मासळी पसरतात, उलटतात, गोळा करतात, टोपल्या भरतात. वीस मिनिटं. बास. त्याने यादी गंभीरपणे वाचली, घडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात दोन खारे बांगडे गुंडाळून आमच्या घरी पाठवून दिले.

आणि त्या खळ्यावर त्याने दोन महिने जे काही केलं त्याचं नाव 'दर्यो रजेर'. विनोदी सिनेमा. गोष्ट अशी, तिला गोष्ट म्हणायचं असलं तर, की समुद्र एके दिवशी ग्रामपंचायतीत येऊन रजेचा अर्ज देतो आणि निघून जातो. गाव बदली समुद्र शोधत फिरतं. एक विहीर मुलाखतीला येते. एक पाण्याची टाकी शिफारसपत्र आणते. आणि इकडे एक हॉटेलवाला, समुद्र नसताना, समुद्र दिसेल अशा खोल्या विकायला काढतो. समुद्राचं काम दशावतारात राण्या करणाऱ्या एका नटाला दिलं होतं. तो मावशीची लग्नातली निळी साडी नेसून, सेफ्टीपिना लावून, पाण्यातून चालत यायचा. मावशीने साडी खाऱ्या पाण्यात पाहिली आणि दोन दिवस दिराला ताटात फक्त सोलकढी वाढली. लिहिलेलं संभाषण नव्हतंच. "दशावतारात खंय लिवन् ठेवतत?" म्हणे. "आमचे आजे पंकच होते, तेंका कोणी सांगूक नाय." कामं वाटायची रीत रापणीची. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं; दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा. तसं खळ्यावर जो येईल त्याला सिनेमात एक वाक्य. पोस्टमनलाही एक मिळालं. त्याने ते चार दिवस घोकलं आणि कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "रजिस्टर आसा. सही करा." तेही सिनेमात आहे.

मी रोज जाऊन भांडत होते. "काका, सुनावणी तोंडार इली आणि तुमी विहिरीची मुलाखत घेतास?" तो शांतपणे म्हणायचा, "विहीर बरी बोलता गो. तुझ्यापेक्षा थोडक्यात."

मग तो गाऱ्हाण्याचा प्रसंग आला. घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: आमच्याकडे लग्न असो, नाटक असो, होडी पाण्यात लोटायची असो, देवापुढे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. एकजण उंच सुरात देवाला साकडं घालतो आणि दर वाक्याला जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" ते कोणी विचार करून म्हणत नाही. शिंक यावी तसं येतं. हॉटेलवाल्याचं काम हा स्वतःच करत होता, जाकिटावर सुक्या बांगड्यांची माळ घालून. त्याने खळ्यावरच्या बायकांना हात जोडून उभं केलं, नारळ ठेवला, आणि सूर लावला: "बा देवा दर्याच्या राजा म्हाराजा! ह्या पुळणीर आज सात मजल्यांचा हॉटेल उभा ऱ्हवता हा, तेका तुझी राखण आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" साठ बायका, एका आवाजात.

"हयचा खळा जावन थय पोहूचो तलाव होवंदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यो रजेर गेलो तरी गिऱ्हाइकाक दिसत ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी बांधावरून ओरडत होते, "काकी, नाय म्हणा! नाय म्हाराजा म्हणा!" आवडाकाकीने जोडलेले हात न सोडता मान वळवली. "गाऱ्हाण्याक कोण नाय म्हणता? शिरा पडो तुझ्या शिक्षणार."

आणि आवडाकाकीची सून, जी त्या दिवशी नवी साडी नेसून आली होती, तिने हे आपल्या फोनवर टिपलं. फोन तिने स्वतःकडे आणि सासूकडे धरलेला. कॅमेरा नाही, बांगड्यांची माळ नाही, कोंबो नाही. दिसतात त्या हात जोडलेल्या बायका आणि मागून आवाज येतो, हॉटेल होवंदे, खळा जावंदे, आणि बायका अगदी मनापासून म्हणतात, व्हय म्हाराजा. साडी छान दिसते म्हणून तिने ते स्टेटसला लावलं. आठ दिवसांत ते कंपनीच्या अर्जाला जोडलेलं होतं. 'स्थानिक महिलांची उत्स्फूर्त संमती.'

इथे माझ्या रागाचं कारण येतं. सात पत्रकं, प्रत्येकात तीनदा 'जाहीर निषेध', आणि या माणसाच्या पोरखेळाने एका मिनिटात आमच्याच तोंडून होकार वदवून घेतला होता. मी त्याच्या खोलीत गेले आणि सांगितलं की आता एकच उपाय आहे. सबंध सिनेमा कचेरीत दाखल करायचा, म्हणजे तो नुसता वेडेपणा आहे हे सुनावणी घेणाऱ्या साहेबाला कळेल. तो आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "सरकारक? माझो सिनेमा? तेच्यार शिक्को मारून घेवचो?" खोलीच्या कोपऱ्यात एक मोठं शीड गुंडाळून ठेवलेलं होतं. भंगारात निघालेल्या होडीचं. त्याने आणि मावशीने मिळून शिवलेलं. खळ्यावर दोन वासे रोवून, त्यांना हे शीड बांधून, त्यावर पहिला खेळ करायचा. बसायला पुळण. तिकीट नाही, परवाना नाही, भाषण नाही. हे त्याने मला ओरडता ओरडताच सांगितलं, आणि मी म्हटलं, "खळा ऱ्हवला तर वासे रोवशात ना?"

त्याला मी बधवलं असं मला सांगायला आवडेल. पण तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी आवडाकाकी आली, टोपली पायरीवर ठेवली, टोपलीशेजारी बसली आणि म्हणाली, "कोंब्या, तू सांगलस म्हणान आमी हात जोडले. माझा खळा तुझ्या सिनेमात जावन बसला. ता माका भायर काढून दी." एवढं बोलून टोपली उचलून गेली. तो तंगुसाची तार एकसारखी छेडत बसला. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मावशीने सवयीने पेजेची वाटी पुढे केली तर म्हणाला, "आज नको, वयनी." केसांना खोबरेल लावून त्याने ते खाली बसवले होते. जाकीट नव्हतं, भावाचा पांढरा सदरा होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही. थांब्यावर आम्ही सगळ्या बायका उभ्या होतो आणि एस.टी. वळणावर दिसली, तेव्हा आमच्यातल्या कोणी हलायच्या आत त्याने एक पाऊल पुढे टाकून हात दाखवला. गाडी थांबली. कंडक्टर दारातून वाकून बघत राहिला. "अरे, कोंबो हात दाखवता! खंय रे, लग्नाक?"

"शिक्को मारूक," तो म्हणाला. बायकांनी सरकून जागा केली तरी मालवणपर्यंत उभाच राहिला.

कचेरीच्या सभागृहात पडदा नव्हता, भिंत होती. ट्यूबलाइट बंद करायची सोय नव्हती, कारण त्या बटणावर पंखेही होते. अशा उजेडात, नळाच्या गळतीच्या डागाशेजारी, 'दर्यो रजेर' पहिल्यांदा आणि आजवर शेवटचा दाखवला गेला. टाय लावलेला कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. साहेब पेन हातात घेऊन बसले होते. समुद्र पंचायतीत येतो, कारकून चष्म्यावरून बघून विचारतो, "रजेचा कारण?" आणि समुद्र काहीच बोलत नाही. नुसता उभा राहतो. खूप वेळ. ओल्या पदरातून थेंब थेंब अर्जावर पडत राहतात. तिथे साहेब एकदम खळखळून हसले. स्वतःच दचकले, आणि पुन्हा पेन नीट धरलं.

मग गाऱ्हाणं आलं. भिंतीवर माळ घातलेला कोंबो उभा राहिला आणि त्याने सूर लावला, "बा देवा दर्याच्या राजा म्हाराजा!" मी खाली मान घालून बसले होते. "...सात मजल्यांचा हॉटेल उभा ऱ्हवता हा, तेका तुझी राखण आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे भिंतीवरून आलं नाही. सभागृहातून आलं. सगळ्या बायका, वकील, मागे उभे असलेले इतर कामांसाठी आलेले लोक, सगळे. आणि सगळ्यात मोठ्याने दारात चहाचा ट्रे घेऊन उभा असलेला शिपाई. साहेबांनी सिनेमा थांबवायला लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय म्हणालात?"

"काय नाय सायबानू," शिपाई ट्रे सावरत म्हणाला. "तोंडातसून गेला."

आवडाकाकी उठून उभी राहिली. "बघा सायबानू. तुमचो माणूस पण हॉटेलाक व्हय म्हणालो. बांधा तर मगे ह्येच्या परड्यात."

असा हशा त्या इमारतीत कधी पिकला नसेल. साहेबांनी मात्र हशा ओसरेपर्यंत लिहिलं. सदर चित्रफितीतील उद्गार संमती म्हणून ग्राह्य धरता येत नाहीत. आणि उरलेला सिनेमा पाहून खाली आणखी एक ओळ: सदर जागेवर मासळी सुकवण्याचे काम सर्वत्र दिसते. ते खरंच दिसत होतं. समुद्र साडी सावरत रडतोय आणि त्याच्या मागे आवडाकाकी बांगडे उलटते आहे. विहीर मुलाखत देते आहे आणि मागे टोपल्या भरल्या जात आहेत. माझ्या दीड पानी यादीतली एकही गोष्ट सुटलेली नव्हती. सिनेमा वाईटच आहे हे मी तरीही म्हणेन. कंपनीचा अर्ज परत गेला. खळं तूर्त आहे. 'तूर्त' हा शब्दही सरकारी आहे, म्हणून माझी पत्रकं चालू आहेत.

शिपायाने सिनेमाचा पेनड्राइव्ह पाकिटात घातला, लाख लावली आणि शिक्का मारला. कोंबो शेवटपर्यंत बघत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सायब हसलो मा? खंय हसलो?"

"रजेचा कारण विचारतत थय."

"ती हसूची जागा न्हय गो," म्हणाला, आणि स्टँडकडे न वळता गावच्या रस्त्याने चालत निघाला. घरी जाऊन त्याने कॅमेऱ्यातलं, संगणकावरचं, सगळं पुसून टाकलं. शिक्का बसलेला सिनेमा आपला नव्हे, म्हणे. काय म्हणावं असल्या माणसाला? महिनाभरात परत गोव्याला गेला मासे तळायला. फोन करत नाही. शीड मावशीच्या पडवीत लाकडांवर घातलेलं आहे, आणि सकाळी पेज उतरवताना मावशी अजून वरची दाट पेज एका वाटीत बाजूला काढते. "कोणाचे केस उभे करूचे आसत?" मी एकदा विचारलं. "ऱ्हवांदे गो," एवढंच म्हणाली.

माझ्या सात पत्रकांतलं एक वाक्य खळ्यावर कोणाला आठवत नाही. ओहोटी लांब गेली की मात्र कोणीतरी म्हणतंच, "दर्यो रजेर गेलो वाटता," आणि साठ बायका हसतात. परवा आवडाकाकीने आपल्या मुलग्यांना पाठवून मला बोलावून घेतलं. "माका माझा तोंड बघूचा आसा त्या सिनेमात. त्या दिवशी हापिसात खांबाआड बसलंय. शीड आसा, वासे माझे झील रोवतले. तू सिनेमा घेवन ये."

म्हणून काल मी कचेरीत गेले. तोच शिपाई होता. नक्कल मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो म्हणाला, आणि कोरा फॉर्म दिला. नाव लिहिलं, गाव लिहिलं, फाइलचा नंबर लिहिला. खाली एक रकाना आहे: नक्कल हवी असण्याचे कारण. पत्रकाची चार पानं मी एका बैठकीत लिहिते. तिथे पंख्याखाली मी पेन घेऊन कचेरी बंद होईपर्यंत बसले. रकाना अजून रिकामा आहे.